न वाचलेले : निरंक

या, असे पुढे येऊन बसा. सतरंजीवर भरपूर जागा आहे, आणि मागे बसणाऱ्याला कथेत डुलकी लागते हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे. आज जी कथा सांगणार आहे ती माझ्याच फजितीची. ऐकताना हसू आलं तर हसा, माझी हरकत नाही. पण एक ध्यानात ठेवा. त्या शनिवारी भर चैत्रातल्या दुपारी एक आंधळा म्हातारा रस्त्यावर हरवला होता, आणि त्याला हरवणारा हात हा, हा माझा उजवा हात होता. त्यामुळे मी मात्र तेव्हा हसत नव्हतो.

मी राहतो जव्हारात, नोकरी मोखाड्याला. कारकून. एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळली. देवाच्या नावाखालोखाल मला कुठला शब्द गोड लागत असेल तर तो ‘निरंक’. महिनाअखेरीच्या तक्त्यात ‘प्रलंबित प्रकरणे’ या रकान्यापुढं ‘निरंक’ लिहिताना मला समाधी लागते. आणि नोकरीबाहेरचा सगळा जीव कीर्तनात. पंचक्रोशीत कुठंही मृदंगावर थाप पडली की मी टाळ घेऊन हजर. आमचं अकरा टाळकऱ्यांचं मंडळ आहे आणि मी त्याचा अध्यक्ष आहे. ही निवड बिनविरोध झाली. पुष्पलता, म्हणजे आमची ही, म्हणते की दुसऱ्या कुणाला एवढा रिकामा वेळ नव्हता. असो.

मोबाइलवरच्या ग्रुपवर काही टिकत नसे. कीर्तनाची तारीख कुणी टाकावी आणि तिच्यावर सकाळच्या शुभेच्छांची चाळीस फुलं पडावीत. म्हणून ठाण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या हर्षालीनं आम्हाला इंटरनेटवर एक मंच काढून दिला. म्हणजे चावडीच. एकेका विषयाचा एकेक पार, त्या पारावर ज्यानं त्यानं यावं, आपलं लिहावं, दुसऱ्याचं वाचावं. नाव ठेवलं ‘श्रवणभक्ती’. जव्हार, मोखाडा, वावर, वांगणी, सगळीकडचे हरिभक्त सभासद झाले.

या मंचाची एक खुबी हर्षालीनं मला फोनवर समजावली. “बाबा, तुम्ही पोथीत मोरपीस ठेवता ना, कालचं वाचन कुठवर आलं ते कळायला? तसं हा मंच प्रत्येक सभासदासाठी वेगळं मोरपीस ठेवतो. तुम्ही शेवटचं आलात त्यानंतर जे लिहिलं गेलं ते तुम्हाला ठळक अक्षरात दिसणार, आणि वर तांबडा आकडा, न वाचलेले किती. विषय उघडलात की तो पुसट होतो. फक्त एवढंच की, तुम्ही वाचलंत की नाही ते मंचाला कळत नाही. तुम्ही उघडलंत एवढंच कळतं.”

“कीर्तनातही तसंच आहे,” मी म्हणालो. “बसला म्हणजे ऐकलं असं नाही.”

“म्हणून सांगते, अकरा जणांची अकरा खाती काढा.”

इथं माझी पहिली चूक झाली. अकरा खाती? पोथी एक जण वाचतो आणि गाव ऐकतं. पुण्य सगळ्यांना सारखंच. एका वाचणाऱ्यात अकरा जणांचं भागत असताना अकरा नावं, अकरा परवलीचे शब्द कशाला? मी ‘श्रोतृवृंद, जव्हार’ असं एकच खातं काढलं आणि परवलीचा शब्द अकराही जणांना वाटला. अकरा माणसांत एक मोरपीस. ज्याचा हात आधी लागेल त्यानं ते पुढं सरकवायचं.

दुसरी चूक तो तांबडा आकडा. त्यानं माझी झोप उडवली. रोज सायंकाळी देवापुढं दिवा लावण्याआधी तो आकडा निरंक झालाच पाहिजे असा मी नेम धरला. पारायण अर्धवट टाकून कुणी दिवा लावतं का? शिवाय मंडळाला दोन लेखी सूचना काढल्या. एक, कीर्तनाच्या येण्याजाण्याची बोलणी फोनवर न करता मंचावरच करावी, म्हणजे नोंद राहते. दोन, कुणीही काहीही लिहिलं तरी त्याखाली ‘राम कृष्ण हरी’ घालावं. माणूस दाराशी येऊन गेला आणि घरातून ‘या’ सुद्धा म्हटलं नाही, असं व्हायला नको.

शेजारचे इदरीसभाई, ज्यांचा हात लागल्याशिवाय आमच्या तालुक्यात मृदंगाला कातड्याची पुडी चढत नाही, त्यांनाही मी म्हटलं, आमच्याच खात्यात या. तर ते पुडीवर शाई घोटता घोटता म्हणाले, “नको भाऊ. अल्फियानं मला माझं खातं काढून दिलंय. माझं मी वाचतो. तुमच्या वाचण्यावर माझा भरवसा नाही.”

मला ते लागलं. अध्यक्षाला असं बोलतात का? पण शेजारी, त्यातून मृदंगवाला. गिळलं.

आता मुख्य गोष्ट. वांगणीचे मधुबुवा. ऐंशीच्या घरातले. दहा वर्षांपूर्वी ते उभे राहिले की गुराखीसुद्धा गुरं सोडून येत. मग डोळे गेले, साखर जडली, बुवा घरी बसले. या एकादशीला, रविवारी, मोखाड्याला त्यांनी पुन्हा एकदा उभं राहावं म्हणून मी चार महिने खेटे घातले. शेवटी म्हणाले, “हेमंता, येतो. पण हे शेवटचं. नंतर मला कुणी बोलवू नका.” त्यांची नात सुकी आश्रमशाळेत शिकवते. बाकीचं ती मंचावर लिहून कळवणार, असं ठरलं.

त्याच आठवड्यात मोखाड्याच्या दोन गायकांत वाद पेटला. पेटीचा सूर काळी चारमध्ये धरायचा की काळी पाचमध्ये? बुधवारी सायंकाळी ऑफिसातून आलो तर तांबडा आकडा चौसष्ट! त्यातल्या एक्कावन्न पोस्टी काळी चार-पाचच्या. तिकडं पुष्पलता ओरडतेय, “अहो, दिवा लावायचा ना? तेल वाळलं.” मी एकेक विषय उघडला, खाली ‘राम कृष्ण हरी’ घातलं, पुढचा उघडला, ‘राम कृष्ण हरी’ घातलं. बोटं जपमाळेसारखी चालली. उरलेल्यांसाठी खाली एक बटण आहे, ‘सर्व वाचले असे नोंदवा’. कारकुनासाठीच केलेलं बटण. दाबलं. निरंक. घंटा वाजवली, आरती म्हटली, आणि इतक्या शांत चित्तानं झोपलो की काय सांगू.

शनिवारी सुट्टी. दुपारी साडेबाराला मी ओसरीवर टाळ घासत बसलो होतो. इदरीसभाई उद्याचा मृदंग दाखवायला आले होते. मी सहज मंच उघडला. तांबडा आकडा, एक. एक म्हणजे काय, प्रसादाचा खडा! हौसेनं उघडला.

सुकीचं होतं. ‘बुवा पोचले का? सकाळपासून परीक्षा होती, आत्ता सुट्टीत टेकडीवर रेंजला आले. काहीच कळलं नाही. काळजी वाटते.’

पोचले का? बुवा तर उद्या यायचे! मी वर सरकवलं. तिथं बुधवारची तिचीच पोस्ट. ‘रविवारी इकडून गाडी मिळणार नाही. म्हणून शनिवारी सकाळी नऊला मी बुवांना वांगणीच्या फाट्यावर आणून बसवते. मला लगेच शाळेत जावं लागेल. बुवांना आता काही दिसत नाही. साखरेची गोळी देते, पण दुपारी वेळेवर खाल्लं नाही तर चक्कर येते. तुमचा माणूस साडेनऊपर्यंत नक्की येईल ना?’

साडेबारा वाजले होते. बाहेर डांबर वितळत होतं.

आता मी काय केलं असेल? गाडी काढली? नाही. अंगातला कारकून आधी जागा झाला. मी गौतमला फोन लावला. गौतम आमच्या मंडळाचा, मोखाड्याला मांडव घालत होता. “गौतम, ही पोस्ट आपल्या खात्यातून उघडली कुणी? अकरांपैकी कोण? मला नाव पाहिजे. कारणे दाखवा बजावतो!”

“अध्यक्ष, खाली कुणी काय लिहिलंय ते बघा ना,” गौतम म्हणाला. त्याच्या मागं हातोडा वाजत होता.

मी बघितलं. सुकीनं विचारलं होतं, माणूस नक्की येईल ना? त्याच्याखाली उत्तर होतं. ‘राम कृष्ण हरी. अत्यंत आनंद झाला. आपला सेवक, अध्यक्ष.’ बुधवार, सायंकाळचे सहा वाजून बारा मिनिटं.

पोरीनं अध्यक्षाच्या शब्दावर विसंबून आजोबाला फाट्यावर बसवलं होतं.

“भाऊ,” इदरीसभाई मृदंग बाजूला ठेवत म्हणाले, “नोटीस मागाहून काढा. बुधवारचं मीही वाचलं होतं, पण खाली तुमचं उत्तर बघून वाटलं, माणूस जाणार. स्कूटर माझी दारातच आहे. भाकरी बांधून घ्या. पाणी घ्या.”

पुष्पलतानं फडक्यात भाकरी आणि गूळ बांधून दिला. एरवी ती मला दोन शब्द ऐकवल्याशिवाय सोडत नाही. त्या दिवशी पाण्याची बाटली हातात देऊन तिनं फाटक उघडलं.

निघालो. इदरीसभाई चालवत होते, मी मागं भाकरी छातीशी धरून. गावाबाहेर पडतो तोच वळणावर माणसांनी भरलेली एक पिकअप इतक्या अंगावर आली की आम्ही खडीत उतरलो. मी तिच्या नावानं जे बोललो ते एकादशीच्या आदल्या दिवशी बोलू नये. तुम्ही ते वाहन तेवढं लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

वाटेत एक चौकी लागली. मला वाटलं, सांगून ठेवावं. आतल्या हवालदारांनी शांतपणे वही उघडली. “हरवले की चुकले?”

“म्हणजे?”

“हरवले असतील तर फोटो, आधार, नातेवाइकाची सही. चुकले असतील तर तोंडी चालेल. तुम्ही नातेवाईक?”

“मी अध्यक्ष.”

“तो रकाना नाही. आणि फाट्यावर बसलेत म्हणता, तर फाट्याच्या अलीकडे की पलीकडे? पलीकडे आमची हद्द नाही.”

एकतीस वर्षं मी लोकांशी याच आवाजात बोलत आलो आहे. त्या दिवशी खुर्चीच्या या बाजूला उभं राहून तो पहिल्यांदा ऐकला. इदरीसभाईंनी माझा दंड धरून बाहेर ओढलं. “चला. वेळ जातोय.”

फाट्यावर पोचलो तेव्हा पावणेदोन होऊन गेले होते. एक वाळका साग, त्याच्या बुंध्याशी दगड. दगड रिकामा. तिथं लाडकी नावाची बाई काकड्या घेऊन बसते. मी धावतच विचारलं, “बाई, इथं एक म्हातारे बुवा बसले होते का?”

“होतं ना. सकाळपासून बसलं होतं,” लाडकी म्हणाली. “मी काकडी दिली तं म्हणं, माझा माणूस येतोय, त्याच्यासंगं खाईन. मंग गाणं म्हणत बसलं. लय ग्वाड. ऊन डोक्यावर आलं तरी माणूस काय येईना.”

“मग?”

“मंग पिकअप आली. भट्टीवाल्यांची. म्हातारबा म्हणं, जव्हारला जातं का? ते म्हणं, वाटंवरच हाय, बसा. उचलून बसवला नि गेलं.” आणि मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, “तो येणारा माणूस म्हंजे तूच का रं?”

“मीच,” मी म्हणालो.

“लय बेस आलास!”

मघाशी जिच्या नावानं बोटं मोडली त्याच पिकअपमध्ये बुवा होते. माझ्या हातातली भाकरी त्यांच्या शेजारून गेली होती. इदरीसभाई म्हणाले, “मग जव्हारला उतरले असतील.” पण आंधळा माणूस, साखर उतरलेली. त्याला वाटेत ग्लानी आली तर जव्हार आलं हे त्याला कळणार कसं? ती पिकअप वीटभट्ट्यांवर जाते, खाली, भिवंडीकडे. तिथं अशा शंभर भट्ट्या. गाडीचा नंबर? लाडकी म्हणाली, “निळी होती.”

सुकीला काय सांगू? बुवांनी चार महिने नाही म्हटलं, मीच गळ घातली. शेवटचं कीर्तन म्हणाले होते. ते होण्याआधीच मी...

“टेकाडावर रेंज येते,” लाडकी म्हणाली. चढलो. आधी घरी फोन केला. पुष्पलता म्हणाली, बुवा आपणहून निघाले असतील म्हणून मघाशीच स्टँडवर माणसं पाठवली होती, पण ते जव्हारात उतरलेले नाहीत. मग मंच उघडला. कुणी काही लिहिलं असेल, एखादा तरी ठळक शब्द दिसेल, म्हणून.

न वाचलेले, निरंक.

आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द बघून मला रडू आलं. मी दगडावर बसलो आणि विठ्ठलाला म्हटलं, देवा, एक. फक्त एक न वाचलेलं दे.

इदरीसभाई आपला फोन डोळ्यांपासून लांब धरून बघत होते. “भाऊ, हे काय आहे? सुकीचं तर मी ओसरीवरच माझ्या फोनवर वाचलं होतं, तरी माझ्याकडं तांबडा दोन दाखवतोय.”

मी त्यांचा फोन जवळजवळ हिसकावलाच. तोच मंच, तोच विषय, आणि सुकीच्या पोस्टीखाली ठळक अक्षरात एक नवीन पोस्ट. एक वाजून त्रेपन्न मिनिटांची.

‘बुवा विक्रमगडला नाक्यावर चहाच्या टपरीवर हायेत. ड्रायव्हरला फोन करून मी उतरवून घेतलं. बिस्कुट नि चहा दिला. आता बोलतात. न्यायला कोणी या. ढवळू, वावर.’

आणि तिच्याखाली, एक वाजून सत्तावन्नला, आमच्या मंडळाच्या खात्यातून आलेलं उत्तर. ‘राम कृष्ण हरी. खूप सुंदर निरूपण. — गौतम.’

मांडवाच्या शिडीवर उभ्या गौतमनं, अध्यक्षांची लेखी सूचना पाळून, विषय उघडला होता, नमस्कार घातला होता आणि पुन्हा हातोडा उचलला होता. अकरा जणांचं मोरपीस पुढं सरकलं होतं. इदरीसभाईंचं जिथल्या तिथं होतं.

“सुंदर निरूपण!” इदरीसभाई म्हणाले, आणि इतका वेळ आवरलेलं हसू त्यांना फुटलं. मलाही फुटलं. डोळे पुसत आम्ही टेकाडावरून अक्षरशः घसरत खाली आलो. लाडकीनं चार काकड्या पिशवीत कोंबल्या. “म्हातारबाला दे. तू खाऊ नको.”

विक्रमगडला पोचेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. टपरीच्या बाकावर बुवा बसले होते, चेहरा कागदासारखा, पण ताठ. मी पायांवर डोकं ठेवलं.

“कोण, हेमंता? उन्हातून आलास ना? तू काही खाल्लंस की नाही?”

मी भाकरी कुस्करली, गूळ घातला, घास त्यांच्या हातात दिला. पहिला घास घेऊन ते म्हणाले, “गाडीत मला कुणीतरी हाक मारून उठवलं रे. म्हणे वावरच्या ढवळूचा फोन आहे. कोण हा ढवळू? मला काही आठवत नाही.”

मलाही माहीत नव्हतं. टपरीवाल्याकडं ड्रायव्हरचा नंबर होता, त्याच्याकडून ढवळूचा मिळवला आणि फोन लावला. मागं विटा पडल्याचा आवाज येत होता.

“मी भट्टीवर असतो दादा. दिवाळीनंतर खाली येतो तो पावसालाच माघारी. कीर्तन काय ऐकाया मिळत नाही. मंग जेवणाच्या सुट्टीत ह्ये मंचावरचं वाचतो. जितकं होईल तितकं, लायनीनं. आज बुधवारचं वाचत होतो, त्यात सुकीबाईचं आलं. म्हटलं, आजच तं शनिवार! आमची पिकअप त्याच रस्त्यानं येती. ड्रायव्हरला विचारलं तं तो म्हणं, म्हातारा माझ्याच गाडीत झोपलाय.”

“पण ढवळू, त्या दिवशी चौसष्ट पोस्टी होत्या. काळी चार, काळी पाच... तू सगळ्या वाचल्यास?”

“मंग? कोणी तरी लिवलंय ना.”

मग म्हटलं, “उद्या ये रे कीर्तनाला. गाडी पाठवतो.”

“नाय जमायचं, भट्टी पेटलीय. तुम्ही लिवा. मी थोडा मागं हाय, पण येईन वाचत.”

दुसऱ्या दिवशी बुवा उभे राहिले. इदरीसभाईंच्या मृदंगाचा आवाज मांडवाच्या बाहेर डोंगरापर्यंत गेला. शनिवारी रात्रीच येऊन पोचलेली सुकी पहिल्या रांगेत होती. ती माझ्याशी अजून नीट बोलत नाही, आणि तिचं बरोबर आहे. मी त्या दिवशी टाळ घेतला नाही. खांबाला टेकून बसलो आणि बुवांच्या तोंडून जे जे निघालं ते अक्षर न् अक्षर वहीत उतरवलं. कुठं आवाज दाटला, कुठं बायका रडल्या, कुठं बुवा दम खायला थांबले, सगळं. मग तीन दिवस बसून ते मंचावर चढवलं. आता आमची अकरा खाती आहेत. माझ्या नावापुढं आज सदतीस न वाचलेल्या पोस्टी आहेत. दिवा लावताना तो आकडा डोळ्यांसमोर असतो. असू देत, उद्या वाचीन.

बुवा पुन्हा उभे राहणार नाहीत. त्यांचं ते शेवटचं कीर्तन पूर्णपणे ज्याच्या हाती पोचायचं आहे तो अजून पोस्टी वाचत वाचत त्याच्यापर्यंत यायचा आहे. म्हणून तुमच्याकडं एकच मागणं. तुमच्या गावी हरिनाम होईल, शेवटी सगळे मिळून जयघोष कराल, तेव्हा वावरच्या ढवळूची एकदा आठवण काढा. तो भट्टीवर आहे, थोडा मागे आहे, पण एकही ओळ न गाळता येतो आहे.